रोममध्ये न निघालेला फोटो

रोममध्ये एका फोटोवाल्याने आम्हा तिघांना फसवले. भरदिवसा, हसतमुखाने, कॅमेऱ्यात फिल्म नसताना. घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करून मी वर आलो. मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे, असे मी छाती ठोकून सांगत असे. तो रोममध्ये जन्मून मोठा झाला होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईचा शेवटचा हिवाळा होता. आम्ही खेचरांच्या पलटणीत, इटलीच्या डोंगरात शिधा आणि दारूगोळा वर पोचवत होतो. रजेवर मागे पाठवले, त्यातला एक दिवस रोम बघायला मिळाला. बरोबर दोघे जण. एक नगरचा ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. दुसरा काष्टीचा शेतकरी, माझ्याहून लहान, मला दादा म्हणायचा.

मास्तरला शहर बघायचे होते. काष्टीच्या गड्याला फक्त फोटो हवा होता. पहिला बर्फ पडला तेव्हा तो खेचरांसकट वाट चुकला, आणि तो परत यायच्या आत तो बेपत्ता असल्याची तार गावी गेली. मग त्याने मास्तरकडून पत्रावर पत्र लिहून घेतले. सासऱ्याचे उत्तर आले: आमच्या जावयाला अक्षर येत नाही, हे कोण लिहितंय? जिवंत असेल तर तोंड दाखवा. शिमग्यापर्यंत वाट बघू, नाहीतर पोरीचा दुसरीकडे पाट लावून देऊ.

सकाळी एक प्रचंड गोल पडके बांधकाम बघितले. मला वाटले, जनावरांचा बाजार भरत असेल.

"जनावरंच होती," मास्तर म्हणाला. "सिंह. त्यांच्यापुढं माणसं सोडायचे. आणि लोक इथं बसून बघायचे."

"काय म्हून?"

"करमणूक."

"आन् ह्या गोऱ्यांनी आपल्याला शहाणं करायचं!" काष्टीचा म्हणाला.

बाहेर आलो तर याहून वाईट दिसले. अंगात केसाळ कातड्याचा महागडा कोट घातलेली एक गोरी बाई आमच्यापुढे हात पसरून उभी होती. नगरच्या छावणीत गोऱ्या बाईच्या टांग्याला वाट देताना आम्ही गटारात उतरायचो. मास्तरने तिला बिस्किटे दिली. ती तिने तिथेच, उभ्या उभ्या खाल्ली. मी दुसरीकडे बघितले. हे असे असू शकते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

तिथेच तो फोटोवाला भेटला. तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेऱ्याचा लाकडी खोका, वर काळे फडके. पैसे नकोत, खायला द्या, अशी खूण केली. दुधाचे चार डबे मागत होता. त्याची भाषा मला येत नव्हती, म्हणून मी आमच्या बाजारात रुमालाखाली बोटांनी भाव करतात तसा त्याचा हात काळ्या फडक्याखाली ओढला आणि दोन बोटे दाबली. त्याने लगेच मान डोलावली आणि दोन डबे घेतले.

"बघ मास्तर, आपली बोली इथंबी चालती!" मी म्हणालो.

पहिल्याच बोलीला कबूल होणाऱ्याचे जनावर मी एरवी दात बघितल्याशिवाय घेत नाही.

काष्टीच्या गड्याने टोपी सरळ केली, मिशी ओली करून बसवली.

"हसू नको, नाहीतर सासरा म्हनंल ह्यो दुसराच हाय," मी म्हणालो. तो इतका ताठ उभा राहिला की मास्तरला हसू आवरेना. फोटोवाला फडक्यात शिरला, हात वर केला, खाली केला. फोटो दुपारी इथेच मिळेल, असे मास्तरला मोडक्या इंग्रजीत म्हणाला.

तोवर मास्तरने ख्रिस्ती लोकांचे मोठे देऊळ दाखवले. आत एका काळ्या मूर्तीचा पाय लोकांच्या मुक्यांनी झिजून बोटे सपाट झाली होती. "आमचे पाद्री म्हणायचे, मूर्तिपूजा तुमच्या हिंदुस्थानातच," मास्तर पुटपुटला.

दुपारी फोटोवाला जागेवर नव्हता. शोधत शोधत नदीच्या पुलावर सापडला. तोच खोका, पुढे दुसरे शिपाई ताठ उभे. मी त्याची मान धरली आणि खोक्याचे मागचे दार उघडले. आत आमचे दुधाचे डबे होते आणि अर्धा पाव. बाकी काही नाही.

मास्तरने त्याला विचारले. तो म्हणाला, कित्येक महिने अख्ख्या रोममध्ये फिल्म मिळत नाही. मी हात उगारला. काष्टीच्या गड्याने तो वरच्यावर धरला.

"ऱ्हाऊ द्या, दादा. भुकेला हाय."

"आन् तुझी बायकू?"

माझा हात सोडून तो चालू लागला. तिकडे आम्हाला परत नेणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजत होता.

पुढे डोंगरात फोटो कोण काढणार? साहेबाने तो जिवंत असल्याचे पत्र सही करून दिले. फोटो निघाला तो बर्फ वितळल्यावर, आणि गावी पोचला तेव्हा पाट लागून गेला होता.

लढाई संपल्यावर आम्ही घरी आलो. काष्टीचा गडी सासऱ्याच्या दारी जाईना, म्हणून मी गेलो. म्हातारा ओट्यावर बसला होता. ओळख सांगितली तरी उठला नाही.

"मामा, जित्या मानसाच्या बायकूचा पाट लावला?"

"फोटू आला न्हाई. आमी वाट बगितली."

"सायबाच्या सहीचा कागद आल्ता की!"

"आल्ता. तारबी सायबाचीच हुती. त्याचं कोन्तं खरं धरायचं, तुमीच सांगा."

म्हाताऱ्याने तंबाखू मळायला घेतली, जणू बोलणे संपले. मग माझे डोके फिरले. मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो.

"सायबाचं सोडा, फोटूचंबी सोडा. पोरीला इचारलं हुतं का? पाट लावायच्या आदी तिला एका शब्दानं इचारलं का, तुला काय वाटतं म्हून? व्हय का न्हाई, एवढं सांगा, मामा. सांगितल्याबिगर मी हितनं हालत न्हाई."