कपाटातला काळा कोट

टोकियोतल्या निशी-कसाईला आलो तेव्हा नवरा म्हणाला होता, दोनच वर्षं गं, मग तू आहेस आणि तुझं कोर्ट आहे. मी ठाण्यात दिवाणी वकिली करत होते. निघताना माझा काळा कोट सरांच्या ऑफिसातल्या कपाटातच ठेवला. सर म्हणजे माझे सीनिअर. कोट इथे आहे म्हणजे तुझी खुर्ची इथे आहे, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि मला तेवढं पुरलं. लोकांचे करारनामे तपासून डोळ्यांची वाट लागली होती, पण स्वतःसाठी एक ओळ लिहून घ्यावी असं काही सुचलं नाही.

नवऱ्याचं बँकेचं सॉफ्टवेअर काही केल्या संपेना. तो सकाळी तोझाई लाइनची मेट्रो पकडून गेला की मी कचऱ्याच्या मागे. कोणती पिशवी कोणत्या वारी, यावरून शेजारीण मला समजावायची, तेही इतकं वाकून आणि हसून की भांडायचीही सोय नाही. उलटतपासणीत भल्याभल्यांना घाम फोडलेली मी बाई, गळकी पिशवी हातात धरून माफी मागत उभी!

वॉर्डाच्या लायब्ररीत इंग्रजीचं एकच कपाट होतं. पाककृती, बागकाम आणि त्यात एका अमेरिकन माणसाचं चरित्र. एकोणिसाव्या शतकातला गावातला वकील. यादवी युद्ध पेटलं तसा सगळे खटले भागीदाराच्या गळ्यात मारून सैन्यात गेला. लंगडत परत आला, तर भागीदाराने त्याचं टेबल रोज पुसून ठेवलेलं. पुढे न्यायाधीश झाला. लिहिणाऱ्याची भाषा अगदीच सुमार, पण ते टेबलाचं पान मी पुन्हा पुन्हा वाचायची. तो गोळी खाऊन परत बसला, मला तर नुसता कचरा वेगळा करायचा होता. मुदत संपली की पुस्तक परत करायचं आणि पुन्हा माझ्याच नावावर घ्यायचं.

नवऱ्याचं पोस्टिंग आणखी एकदा वाढलं तेव्हा तो केक घेऊन आला. मी केक ओट्यावर ठेवला आणि ठाण्याला फोन लावला. सरांना म्हटलं, नवऱ्याला राहू दे इथे, मी एकटी येते, पुढच्या महिन्यापासून बसते.

सर नेहमीच्याच मायेने बोलले. नवी मुलगी घेतली आहे, हुशार आहे, तुझ्या जागेवर बसते. मी म्हटलं, मग कोपऱ्यात एक खुर्ची टाकू. त्यावर ते म्हणाले,

"अगं, पहिल्या दिवशी तिच्याकडे कोट नव्हता. तुझा दिला. अगदी मापात बसला बघ तिला."

त्यांना वाटलं मी हसेन, म्हणून मी हसले. बरं झालं सर, नुसता लोंबकळत होता, असंही म्हणाले. फोन ठेवला आणि कळलं, आपली वकिली संपली. नवऱ्याने काय झालं विचारलं, तर त्याच्यावरच खेकसले आणि मग खूप रडले.

दुसऱ्या दिवशी पुस्तक कायमचं परत करायला गेले. काउंटरवरच्या बाई आता मला ओळखायच्या. सावकाश, सोप्या जपानीत म्हणाल्या की हे दुसरं कोणीच मागत नाही, हवं तितके दिवस ठेवा, कपाटातली त्याची जागा तुमचीच. आणि दोन्ही हातांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. नको म्हणायचं त्राण नव्हतं. मी ते पिशवीत टाकलं आणि घरी आले. दुसऱ्या दिवशीचा कचरा वेगळा करायचा राहिला होता.