रुमालाखालचा मे महिना

माझ्या बायकोच्या मामांइतका शब्दाला जागणारा माणूस मराठवाड्यात दुसरा नसेल, आणि दुसऱ्याच्या शब्दावर इतका विसंबणाराही नसेल. मामा पाचोडच्या बैलबाजारातले दलाल. रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे, रुमाल झटकला की सौदा पक्का! सही मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं, असं त्यांचं मत. मी शहरात रजिस्ट्री कचेरीबाहेर दस्त लिहितो, त्यावरून मला सदा टोमणे. "जावईबापू, तुमचं पोट लोकांच्या बेइमानीवर चालतं." स्वतःच्या लेकीच्या लग्नात त्यांनी देण्याघेण्याची यादी लिहूच दिली नाही. मग आचारी दोन्हीकडून आले आणि बँड कुणाचाच आला नाही.

एकदा शहरातल्या एका हॉटेलात सहलीच्या योजना विकणाऱ्या कंपनीचं आम्हाला फुकट जेवण होतं. टाय लावलेला विक्रेता म्हणाला, "मामा, एकदाच पैसे भरा. पंचवीस वर्षं, दरसाल आठवडाभर महाबळेश्वर. मे महिन्यातच." मामींचा जन्म चुलीपुढे गेलेला, भर मे महिन्यात एकदा अंगावर शाल घ्यायची, एवढीच बाईची हौस. मामांनी रुमाल पसरला. "घाल हात." तो हसला, पण घातला. मामांनी बोटं दाबली, रुमाल झटकला. मग बारीक अक्षरांची वीस पानं आली, ती त्यांनी माझ्याकडे सरकवली. "बघा जरा." आणि मी गाढव! ताटात गरम गुलाबजाम, त्यात पुन्हा टोमणा नको म्हणून पानं नुसती उलटली. "ठीक आहे," म्हणालो. मामांनी सही केली.

पुढच्या मे महिन्यात फोन केला, तर खोल्या भरलेल्या. त्याच्या पुढच्याही. तेव्हा कुठं मी कागद वाचला. अकराव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: खोली फक्त पावसाळ्यात, तीही शिल्लक असली तर. लोकांचे दस्त वाचून घर चालवणारा मी, मला स्वतःची लाज वाटली.

यंदा सगळं कबूल करायचं ठरवून पाचोडला गेलो. मामींना आता गुडघ्यांमुळं ओसरीची पायरीही उतरवत नाही. घडी न मोडलेली शाल खुंटीवर होती. मी महाबळेश्वरचा विषय काढला, तर मामाच म्हणाले, "ते टायवालं पोरगं लई लोकांशी बोलतंय, विसरलं असंल. कागदात वाकडं नाय, ते मला ठावं हाय. असतं तर तुम्ही तवाच बोलला असता. तुमच्या शब्दावर तर सही केली व्हती मी."

मामींनी चहा पुढं केला. मी तो प्यायलो आणि परतीची एसटी धरली.