पालथा हात

चार रेफ्री जमले की किस्से निघतातच. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या कंपूत निम्मे किस्से वासुदेवभाऊंचे. उरलेले त्यांच्यावर चिडणाऱ्या माझे.

*

भाऊ पोंभुर्ण्याकडच्या शाळेत खेळाचे शिक्षक. हिवाळ्यात वडशाच्या झाडीपट्टी नाटकात खलनायक! बास्केटबॉलमध्ये फाऊल दिला की रेफ्रीनं मूठ वर करायची, एवढंच. भाऊ डोळेही वटारायचे. एकदा पब्लिकनं वन्स मोअर दिला. भाऊंनी फाऊल परत दाखवला. स्कोररनं दोन फाऊल लिहिले!

*

मी नुकतीच रेफ्रीची परीक्षा पास झालेली, रोज आरशासमोर सिग्नल घोटणारी. भाऊंना समजावलं, पंधराच्या वरचा नंबर असेल तर पहिला आकडा हात पालथा करून दाखवायचा, दुसरा तळवा दाखवून. नाहीतर स्कोररच्या टेबलावरचे लोक बेरीज करतात.

"मी तोंडानं सांगून राह्यलो ना, मॅडम," म्हणत भाऊ मैदानभर ओरडले, "चोवीस नंबर!"

*

भाऊंच्या शाळेच्या पोरी फाऊल झाला की स्वतःच हात वर करायच्या. हा नियम कधीच गेला, असं मी सुनावलं.

"गेला असंन. पोरीयले काऊन सांगू?"

*

शेवटी मी लेखी तक्रार केली. भाऊंना मॅचेस मिळणं बंद झालं. मला वाटलं, खेळ सुधारला.

*

मग विभागीय संघाच्या निवडीची मॅच आली. भाऊंच्या शाळेची सुनंदा, सहा नंबर, सुरेख खेळत होती. तिचे चार फाऊल झालेले, पाचव्याला खेळाडू बाहेर. भाऊ प्रेक्षकांत.

शेवटचा क्वार्टर सुरू होताच तिच्याच संघातल्या चोवीस नंबरनं धक्का मारला. मी मूठ वर केली, टेबलाकडे धावले, दोन बोटं दाखवली, मग चार. तोंड बंद. लगेच पाठ फिरवून पुढच्या जागेवर गेले.

टेबलावर सहा नंबरचा पाचवा फाऊल लिहिला गेला, सहा नंबर बाहेर असा पुकारा झाला.

सुनंदा लांब उभी होती. तिनं हात वर केला आणि बाहेर जाऊन बसली. मला वाटलं, बदली असेल. संघ हरला. संध्याकाळी यादी लागली, तिचं नाव नव्हतं.

ती माझ्याकडे आली. "मॅडम, मी तर दूर होती. माझं काय चुकलं?"

मी तिला माझा सिग्नल करून दाखवू लागले. दोन बोटं वर केली.

मागून वासुदेवभाऊ आले. माझं मनगट धरलं, आणि बोटं तशीच ठेवून हात पालथा केला.