मार बसण्याआधीचा विनोद

आमच्या फ्रिजवर चष्म्यांच्या दोन डब्या असतात, दोन्ही काळ्या. एक माझी, वाचायच्या चष्म्याची. दुसरी बायकोची, टीव्ही बघायच्या चष्म्याची. त्या रविवारी सकाळी मुलुंडच्या एका वाचनालयात माझ्या नव्या कादंबरीचं वाचन होतं आणि नाहूरहून निघताना मी ऐटीत तिची डबी खिशात टाकली. घोटाळा कळला तो माइकसमोर बसून पुस्तक उघडल्यावर. अक्षरांच्या मुंग्या झाल्या होत्या. समोरची माणसं मात्र झकास दिसत होती. मलाही लांबचा थोडा नंबर आहे, हे मी डॉक्टरसमोरसुद्धा कबूल केलेलं नाही. पहिल्या रांगेत बायकोशेजारी आप्पा, म्हणजे माझे वडील, बसले होते. त्यांच्या हनुवटीवर दाढी करताना राहिलेले पांढरे केससुद्धा मला दिसत होते.

आप्पा वाचनाला येणार म्हणून घरात आधीच ताण होता. माझ्या कादंबऱ्या खूनमारामारीच्या. त्यात माणसं चिरली जातात, जिन्यावरून ढकलली जातात, कोणाचं तरी डोकं मोरीच्या कठड्यावर आपटतं. प्रत्यक्षात घरात झुरळ निघालं तर मी सोफ्यावर चढतो आणि बायको चप्पल घेऊन येते. आप्पांनी माझं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. "इतक्या रगतात कोण हात घालतलो?" म्हणायचे. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उत्साह आला होता. "एकदा ऐकतंय तरी, काय लिवतंस ता," म्हणाले.

बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"सातवं प्रकरण वाचायचं नाही."

"अगं, तेच सगळ्यात चांगलं जमलंय."

"म्हणूनच. तो चपला हरवतो ते प्रकरण वाच. लोक हसतील. तुलाही तेच आवडतं ना?"

माझी पहिली वाचक तीच. सातवं प्रकरण तिने हस्तलिखितात वाचलं होतं आणि कागद परत देऊन चहा टाकला होता. हे कुठून आणलंस, असं तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पण आई शेवटची काही वर्षं आमच्याकडे होती आणि तिची वेणी घालायचं काम हिचंच होतं. आईचं डावं मनगट वाकडं होतं. नळावर घसरून पडले, असं आई सांगायची. कानामागच्या खोकेचं कारण तिला कोणी विचारलं नाही, कारण ती दिसायची फक्त वेणी घालणाऱ्याला.

तर आता सांगतो. आम्ही घाटकोपरला डोंगरावरच्या बैठ्या चाळीत राहायचो. आप्पा कुर्ल्याच्या एका गिरणीत होते. मार जेवणाच्या वेळी व्हायचा. कालवणात मीठ जास्त, भात गार, काहीही पुरायचं. काही नसलं तर तेही पुरायचं. आप्पा ताट सरकवून उठले की आई पदराचा बोळा दातांत धरायची, कारण पत्र्यापलीकडे शेजाऱ्यांचीही जेवणं चाललेली असायची. त्यामुळे तिचा आवाज यायचा नाही. यायचा तो मारण्याचा. पितळेची पळी हाडावर बसली की वेगळा आवाज येतो आणि पाठीवर बसली की वेगळा. एकदा केस धरून तिला चुलीकडे ओढताना तिचा हात तव्यावर पडला, तेव्हा चामडीचा वास भाकरीच्या वासात मिसळला होता. दुसऱ्या दिवशी आई ती वाकलेली पळी पाट्यावर ठेवून वरवंट्याने सरळ करायची आणि त्याच पळीने आमटी वाढायची.

मी कोपऱ्यात. माझं काम हसवायचं. हे काम मला कोणी दिलं नव्हतं. एकदा आप्पांचा हात वर गेलेला असताना मी घाबरून बोलून गेलो, "आप्पा, शेजारचा कोंबडा आज गिरणीच्या भोंग्यानंतर आरवला, त्याचा खाडा मांडतील काय?" आप्पा फसकन हसले. हात खाली आला. त्या दिवसापासून मी शाळेत धडे कमी आणि विनोद जास्त पाठ करायला लागलो. कधी ते चालायचे, कधी नाही. नाही चालले की पळी आधी आईला बसायची, मग मला.

तर मुलुंडला, मुंग्यांकडे बघत, मी चपलांच्या प्रकरणाची पहिली दोन वाक्यं अंदाजाने रेटली. तिसऱ्याला अडलो. कार्यक्रमाचं संचालन एक प्राध्यापक बाई करत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मी वाचू का?" तिथे हो म्हणायचं. पण लेखकाला माज असतो. म्हटलं, "छे, मला पाठ आहे." आणि पाठ एकच प्रकरण होतं, सातवं. पुन्हा पुन्हा लिहून, खोडून, आंघोळ करताना पुटपुटून जे तोंडात बसलं होतं, तेच बाहेर आलं.

"त्याने तिचे केस मुठीत धरले तेव्हा तव्यावरची भाकरी फुगलेली होती. पोरगं म्हणालं, बाबा, कोंबड्याचा खाडा मांडतील का? तो हसला नाही. लाटणं तिच्या मनगटावर उतरलं..."

थांबता येत नव्हतं. बायकोने कपाळाला हात लावलेला दिसला. आप्पा सरळ बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. मी लाटणं पाच-सहा वेळा उतरवलं, पोराला भिंतीवर आपटलं, आणि प्रकरण संपवलं.  मी आप्पांकडे बघितलं. हा माणूस आमच्याच घरात राहतो, संध्याकाळी आपण एकाच टेबलावर चहा पिणार, आणि आता त्याला सगळं ऐकवून झालं होतं. तो काय करेल? इतक्या वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न.

प्राध्यापक बाईंनी माइक स्वतःकडे ओढला. "तुमच्या सगळ्या कादंबऱ्यांत मार बसण्याआधी कोणीतरी विनोद करतं. ही शैली आली कुठून?"

या प्रश्नाला माझ्याकडे छान उत्तर तयार असतं. त्यात महानगर येतं, विसंगती येते, एकदा तर मी त्यात लोकनाट्यही घातलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी वाजली.

"तां लाटणां नव्हतां," आप्पा म्हणाले. "पळी होती. पितळेची."

मागे कोणीतरी हसलं. म्हाताऱ्याने काहीतरी गंमत केली असं वाटलं असावं.

"आणि ह्यो हसवी माका. मी हसलंय तर हात खाली येय." ते थांबले. "नाय हसलंय तर नाय येय."

एकाने टाळी वाजवली आणि दुसरी वाजवायच्या आत थांबला. प्राध्यापक बाईंनी माइक बंद केला. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

पळी मी मुद्दामच टाळली होती. पळी लिहिली असती तर ते आमचं घर झालं असतं. लाटणं म्हटलं की ती कोणाचीही गोष्ट होते.

परतताना रिक्षात आप्पा मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. कोणी बोलेना. म्हणून मी बोललो. रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोललो, रिक्षावाल्याच्या हॉर्नवर बोललो, माझ्या चष्म्यावर तर दोन वेळा. रिक्षावाला हसला. आप्पा समोर बघत राहिले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. त्याच्यात काही वजनच राहिलेलं नव्हतं.

घरी बायकोने पानं घेतली. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आप्पा चार घास जेवले. बायको पुन्हा भात वाढायला वाकली आणि आप्पांनी हात वर केला. पंजा उघडा, खांद्याच्या वर.

माझ्या तोंडून आपोआप सुरू झालं. "आप्पा, तो आपला नाक्यावरचा इस्त्रीवाला आहे ना, काल काय म्हणाला माहितीये..."

बायकोने भातवाढी ताटात ठेवली.

"अरे, भाताला पुरे म्हणतायत ते," ती म्हणाली. "हात येईल खाली. तू गप्प बसलास तरी येईल आता."