मागं काही नाही, साहेब

"मागं काय आहे हो?" समितीच्या साहेबानं विचारलं.

"मागं काही नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. "पडीक आहे. थेट ओढ्यापर्यंत."

मी तिथंच उभा होतो. गुरुजींनी सांगितलं म्हणून धुतलेला सदरा घालून आल्तो. समोर भिंत, भिंतीवर मी काढलेलं चित्र, आणि भिंतीमागं माझं घर. माझी माय. आमची अख्खी वस्ती, लेकराबाळांसगट. सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, साहेब लोकं जाईस्तोर कोणी रस्त्याकडं यायचं न्हाई, चूल पेटवायची न्हाई, धूर दिसतो.

पलीकडं एक शेळी ओरडली. साहेबानं मान वळवली. गुरुजी हसले. "चरायला येतात," म्हणाले.

शेळी हाय म्हणून कबूल केलं. माणसं हायत म्हणून न्हाई केलं.

साहेब चित्रावर लई खुश. कापूस वेचणाऱ्या बाया, बैलं, शाळेला निघालेली पोरं. त्यांनी विचारलं, "कोणी काढलं?" गुरुजी म्हणाले, "आमच्या शाळेनं. माझ्या हाताखाली." टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या. काय करणार? हात आपोआप उठले. गाड्या गेल्या, धुरळा बसला, आणि मी तिथंच उभा राह्यलो, थोबाडीत खाल्ल्यासारखा.

असं बोलणारं दुसरं कोणी असतं तर मला एवढं लागलं नसतं. सरपंचाकडून मी कधी आस धरलीच नव्हती. पण गुरुजी! गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या घरचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. मला पहिला ब्रश त्यांनी दिला. ग्रेड परीक्षेची फी त्यांनी भरली. परीक्षेला परतूरला नेलं तेव्हा एष्टीत आपल्या शेजारी बसवलं मला. वर्गातली पोरं मला काय म्हणायची ते हितं लिहीत न्हाई. गुरुजी नावानं हाक मारायचे. तेवढ्यावर मी त्यांना बापाच्या जागी मानलं. आता वाटतं, नावानं हाक मारणं म्हंजी कोणते उपकार झाले? पण तेव्हा वाटत होतं.

पुढं मी जालन्यात पेंटर झालो. बियाण्याच्या कंपन्यांच्या जाहिराती रंगवायचो. अंबड रोडला जा न्हाईतर परतूरकडं या, घरांच्या भिंतींवर मी काढलेली कपाशीची बोंडं दिसायची, माणसाएवढाली. पण माणूस कुठंच न्हाई. मला माणसं काढायची होती. ती मागायला कोणी येत नव्हतं.

अशात गावाचं स्वच्छतेच्या स्पर्धेत नाव गेलं. गुरुजी एमआयडीसीत मला हुडकत आले. संगं एक मासिक. त्यात परदेशातल्या शहरांतल्या भिंतींचे फोटो. चार-चार मजल्यांच्या इमारतींवर कामगारांची, आयाबायांची चित्रं. मी बघतच राह्यलो. एका फोटोत एक लांबच लांब भिंत होती, रंगानं नुसती भरलेली. "ही बघ," गुरुजी म्हणाले, "अशी भिंत तुला देतो." ती कोणती भिंत, ते त्यांनी सांगितलं न्हाई. लई वर्षांनी मी वाचलं. एका शहराचे दोन तुकडे केले होते तिनं. चित्रं एकाच अंगाला होती. दुसऱ्या अंगाला बंदूकवाले उभे असायचे.

मंग गुरुजी आमच्या घरी आले. मायच्या हातचा चहा पिले. आमच्या घरात, आमच्या कपात. गावातलं एवढं मोठं माणूस आमच्यात चहा प्यायला पहिल्यांदाच बसलं होतं. वस्ती दारात गोळा झाली. म्हातारे कोतारे एकमेकांकडं बघून राह्यले. एक घोट घेतला, आन् आमची सगळ्यांची मान त्यांच्या हातात गेली.

गुरुजी म्हणाले, "समिती परतूरच्या रस्त्यानं येणार. आधी दिसते तुमची वस्ती. उघड्यावरची गोदरी दिसते. नंबर जातो. आधी रस्त्याच्या कडेनं भिंत करू. बक्षीस आलं की पहिले संडास तुमच्यात. आणि भिंतीवर आपला पोरगा चित्र काढणार."

"आन् आमची वाट?" मायनं विचारलं. एकटीनंच विचारलं. आमची वाट सरळ रस्त्याला लागायची. कारखान्यावर जाणाऱ्या गड्यांचा टेम्पो त्याच वाटेनं आत यायचा.

"दरवाजा सोडणार ना, मावशी! वाट कुठं जाते?"

मावशी म्हणाले. त्या एका शब्दासाठी आमच्या लोकांनी श्रमदान केलं. ओढ्यातले दगड आमच्या बायांनी डोक्यावर वाहिले, गड्यांनी रचले. माझ्या मायनं पण पाट्या वाहिल्या. स्वतःला कोंडायची भिंत आमच्याच हातानं उभी केली, आन् वरून हसत-बोलत!

दरवाज्याची जागा आली तर गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मधी खिंड ठेवली की चित्र तुटतं रे. तू कलावंत आहेस, तुला काय सांगायचं? चित्र होऊ दे, समिती जाऊ दे. मंग काढू दरवाजा." मला ते बराबर वाटलं. चित्र तुटतंच. तोवर लोकं ओढ्यातून फिरून जातील, जरा तरास होईल, एवढंच. पोरं शाळेला ओढ्यातून जाऊ लागली. टेम्पो रस्त्यावरच थांबू लागला.

मी जीव ओतून काढलं चित्र. अगदी मधोमध माझी माय काढली, ओटीत कापूस घेतलेली. कोपऱ्यात आमचा लिंब आन् निळा झेंडा. गुरुजी म्हणाले, "झेंडा झाक. चित्र भरगच्च होतंय." मी झेंड्यावर लिंबाचा पाला काढला. तिथंच समजायला पाहिजे होतं. पण डोळ्यावर कातडं ओढलं होतं ना मी. प्रेमाचं.

मंग ती समिती येऊन गेली. नंबर आला. तालुक्यात पहिला. आता जिल्ह्याची समिती येणार, असं ठरलं. दरवाज्याचं नाव कोणी काढीना. संडासाचं तर बिलकुल न्हाई. गुरुजींनी मला शाळेत बोलावलं, खांद्यावर शाल टाकली. मी म्हणालो, "गुरुजी, दरवाजा कवा काढायचा? माय ओढ्यात पडली परवा. गुडघा सुजला तिचा."

ते मोठ्या मायेनं हसले. म्हणाले, "अरे, तुझं एवढं सुंदर चित्र. फोडायला मन धजेल का तुझं? सरपंच घाबरत होता, वस्ती भिंत होऊ देणार नाही म्हणून. मी त्याला आधीच सांगितलं, चित्र त्यांच्याच पोराकडून काढून घ्या. एक दगड हलायचा नाही."

कौतुकानं सांगून राह्यले होते! त्यांना वाटलं, मी खुश होईन.

केसानं गळा कापतात म्हणतात, तो असा. पहिला ब्रश, परीक्षेची फी, एष्टीतली जागा, चहा, मावशी. सगळं त्या एका वाक्यात जळून गेलं. मला माणूस म्हणून निवडलंच नव्हतं. माझी लायकी म्हणून पण न्हाई. आमच्या लोकांच्या तोंडावर माझा हात ठेवायचा होता, म्हणून मला निवडलं. शाल मी बाकावर ठेवली आन् निघालो. ते मागून हाक मारत होते. नावानंच.

घरी माय गुडघ्याला हळद लावून बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता रडलो. शरम कशाची? रडलोच. म्हणालो, "माय, जुन्या वाटेच्या जाग्यावर नेमकी तूच हायस चित्रात. दरवाजा काढायचा तर तुलाच फोडावं लागतं. आजवर एवढं चांगलं मी काहीच काढलं न्हाई."

माय म्हणाली, "मी हितं जित्ती बसली ना? मंग त्या भिंतीवरलीचा काहून एवढा कळवळा? तिचा गुडघा दुखतो का?"

सकाळी उजाडल्यावर पहार घेतली. चांगलं ऊन पडू दिलं, लोकं रस्त्यावर येऊ दिली. चोरून करायचं नव्हतं मला. पहिला घाव ओटीतल्या कापसावर घातला. मंग दुसरा, तिसरा. दगड निसटायला लागले तसे वस्तीतले गडी आले, बाया आल्या, ज्यांनी पाट्या वाहिल्या होत्या त्याच. दोन्ही अंगांनी दगड निघाले. मायचं तोंड रंगासगट मातीत पडलं आन् त्या जाग्यावर पलीकडून माझी माय दिसली, लंगडत येणारी.

गुरुजी धावत आले. चप्पल एकाच पायात. "वेड लागलं का रे तुला? चित्र आहे ते! कला आहे!"

मी म्हणालो, "चित्र माझं हाय, गुरुजी. अन् वाट आमची."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असंल, चित्राचं. भिंत उभी राह्यली तेव्हा न्हाई आलं ते पाणी. माय पडली तेव्हा न्हाई आलं. मी पहार खाली ठेवली न्हाई.

पंचायतीनं धमकी दिली. पोलिसात देऊ म्हणले. गड्यांनी सांगितलं, द्या, आम्ही सगळेच येतो, श्रमदान आमचंच हाय. कोणी आलं न्हाई. मंग जिल्ह्याच्या समितीची तारीख जवळ आली, आन् शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला. बिचारा खाली मान घालून बोलला. "गुरुजी म्हणतेत, झालं ते झालं. खिंडीभोवती एक चांगली कमान रंगव. वेली-फुलं काढ. मुद्दाम ठेवल्यासारखं दिसंल. साहेबाला सांगता येईल."

मी त्याला पाणी दिलं. तो पिला. मंग त्याला म्हणालो, "गुरुजींना सांग, टेम्पो जात न्हाई अजून त्यातून. उद्या आणखी फोडणार हाय."