टावरवरून मिलिंद दिसला तो दिवस

त्या रविवारी दुपारी टावरच्या वर आम्ही चारच जणं होतो. मी हौसा, माझी लेक रंजू, जावई दिलीपराव, आणि वरचा वॉचमन सलीम. पाचवं कोणी नव्हतं. हे आधीच सांगते, कारण नंतर लोक बोलतात, गर्दीत धक्का लागून दुसरंच कोणतरी दिसलं असंल. न्हाय. भर उन्हात वर कोण येत न्हाय, लोक सगळे संध्याकाळी येतात.

मला सही येते, बाकी लिहिता येत न्हाय. मी बोलते आणि नात प्राची मोबाईलवर लिहिते. तिला सांगून ठेवलंय, माझं बोलणं शाळेतल्यासारखं करू नको.

आम्ही बौद्ध. घरात देव्हारा न्हाय, मग भूत कुठनं असणार? लिंबू, उतारा असलं काय दारात सापडलं तर मी झाडूनं गटारात ढकलते. माझा नवरा गेला, तेव्हा कारखान्यातले बोलायला लागले की हा रात्रपाळीला दिसतो. मी बोलली, दिसला तर घरी पाठवा, पाणी भरायचंय. अशी मी. म्हणून हे सांगताना मलाच कसंतरी होतं... पण सांगते.

भिवंडीत निजामपुऱ्यात आमची खोली. गल्लीच्या ह्या बाजूला आमची चाळ, समोर लूमचा, कापड विणायच्या यंत्रमागाचा, कारखाना. नवरा तिथंच कामाला होता. कापसाचा भुगा छातीत बसला आणि खोकून खोकून गेला. मग पोरगा, मिलिंद, त्याच लूमवर उभा राहिला. मी त्याच कारखान्यात कांडी भरायची — म्हणजे धोट्यात घालायच्या कांडीवर सूत गुंडाळायचं. रंजू लहान होती. भुग्यानं तिला पण खोकला लागला, म्हणून तिला गणेशपुरीला माझ्या बहिणीकडं ठेवली. तिथंच वाढली, तिथनंच लग्न झालं. कारखान्याचा उंबरा तिनं कधी ओलांडला न्हाय. मीच ओलांडू दिला न्हाय.

ज्यांनी लूम चालताना ऐकलाय त्यांना माहीत हाय. आत कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत न्हाय. म्हणून कारखान्यात सगळे हातानं बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, मास्तर आला, चहा आला — सगळ्याचा वेगळा हात. बाहेरच्याला वाटंल येडे झालेत. आणि कोणाला पाणी प्यायला, लघवीला जायचं असंल तर लूम बंद ठेवता येत न्हाय. मग बाजूचा आपल्या छातीवर हात ठेवतो, दोन बोटं डोळ्याला लावतो, आणि उलट्या हातानं दोनदा बाहेर ढकलल्यासारखं करतो. म्हणजे, मी बघतो तुझं, तू जा.

एक दिवस दुपारी मिलिंदनं माझ्याकडं बघून लूमकडं बोट केलं. त्याच्या बाजूचा आला नव्हता त्या दिवशी. मी कांडीवरनं उठली, लूमजवळ गेली आणि तोच हात केला. तू जा, मी बघते. तो गेला... आणि आला न्हाय.

पोलीस चौकी झाली, दवाखाने झाले, सुरतेपर्यंत जाऊन आली. कोणाशी भांडण न्हाय, दारू न्हाय, पोरगी न्हाय. चप्पल पण कारखान्याच्या दारातच होती. तेव्हापासून मी त्या खोलीत हाय. रंजूच्या घरी दोन रात्री कधी राहिली न्हाय. तो आला तर कुठं येणार? त्याला माझं एकच दार माहीत.

माणसं बोलली, तो गेला समज, आता त्याचं पुण्यानुमोदन करून टाक. मी बोलली, जेवायला बसवायचं त्याला, का त्याच्या नावानं लोकांना? परत कोणी विषय काढला न्हाय.

आता भानगड अशी झाली की गल्ली पाडायला काढली. समोरचा कारखाना आधीच पाडून तिथं मोठा खड्डा केला. चाळीतले सगळे खोल्या खाली करून गेले. मी एकटीच राहिली. नळ गेला, जिन्याचं लाकूड गेलं. रंजू रडायची, दिलीपराव डोकं धरायचे. मग त्यांनी अक्कल लढवली.

"मामी," ते बोलले, "चला, टावर दाखवतो तुम्हाला."

टावर म्हणजे गावाबाहेर नवीन झालाय तो. भिवंडीत कुठनं पण दिसतो. रिक्षावाले पण टावरच्या अलीकडं, टावरच्या पलीकडं असंच बोलतात. सगळ्यात वर बिल्डरनं काचेची गॅलरी केली हाय आणि रविवारी लोकांना सोडतात. फ्लॅट कोणी घेवो न घेवो, माणसं जातात, फोटो काढतात, आपलं घर शोधतात.

"मला काय करायचाय टावर?"

"वरनं बघा तुमची गल्ली. काय उरलंय ते एकदा डोळ्यानं बघा. मग मी एक शब्द बोलणार न्हाय."

लिफ्टमध्ये माझे कान बंद झाले. मी डोळे गच्च मिटले. दिलीपराव बोलले, "मामी, बघायला आलाय का झोपायला?"

रंजू बोलली, "तुम्ही गप बसा, पहिल्यांदा तुम्हीच कठडा धरून बसलेलात."

वर गेली आणि पहिलं काय झालं, तर आवाज न्हाय. भिवंडीत मी लग्न करून आली तेव्हापासून लूमचा आवाज कानात न्हाय असा दिवस न्हाय. झोपेत पण असतो. आणि वर एकदम... काय न्हाय. मला वाटलं बहिरी झाली. मी रंजूला बोलली, काहीतरी बोल. ती बोलली, काय बोलू? तेव्हा कळलं कान शाबूत हाय.

खाली सगळं दिसत होतं. पत्रे, निळ्या ताडपत्र्या, मशिदीचे मिनार, नाशिक रोडकडं गोडाऊनची लांबच लांब पांढरी छपरं. दिलीपराव त्यातल्याच एका गोडाऊनला सुपरवायझर. ते आपलं गोडाऊन शोधत बसले. खाडी चमकत होती. वज्रेश्वरीच्या बाजूला डोंगर धुरकट.

एका कोपऱ्यात लोखंडी खांबावर दुर्बीण बसवलेली. सलीमनं ती आमच्या गल्लीकडं फिरवून दिली.

"अम्मा, इधर आँख लगाओ. अपना घर ढूँढो."

माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात मोतीबिंदू. चांगला डोळा लावला. पहिलं नुसतं पांढरं. मग पत्रा दिसला, मग पिंपळ, मग माझ्या खिडकीत वाळत टाकलेलं माझंच लुगडं. मला हसू आलं. इतक्या लांबनं स्वतःचं लुगडं बघायचं म्हणजे!

मग दुर्बीण जराशी सरकली. खड्डा दिसला. आणि खड्ड्याच्या वर एक माणूस उभा होता.

खड्ड्यात न्हाय. काठावर न्हाय. वर. कारखान्याचा माळा जिथं होता ना, मिलिंदचा लूम होता तो, तेवढ्या उंचीवर. पायाखाली फळी न्हाय, बांबू न्हाय, काय न्हाय. खाली सरळ जेसीबी दिसत होता. तोंडाला भुग्यासाठी फडकं बांधलेलं, त्यामुळं तोंड दिसलं न्हाय. पण डावा खांदा खाली. लहानपणी पिंपळावरनं पडून तो हात मोडलेला, मीच तेल लावून लावून बरा केलेला. तो खांदा मी चुकणार न्हाय. हात हलत होता, एवढं कळलं. काय करतोय ते माझ्या डोळ्याला लागलं न्हाय.

मी बोलली, "मिलिंद."

ओरडली न्हाय. जेवायला हाक मारतो तशी बोलली.

रंजूनं मला बाजूला केलं आणि डोळा लावला. लई वेळ बघत होती. दुर्बिणीच्या दांड्यावर तिची बोटं पांढरी पडली. मग डोळा काढला आणि बोलली, "काय न्हाय आये. खड्डा हाय."

दिलीपरावांनी बघितलं. त्यांना खड्डा, जेसीबी आणि एक कुत्रा दिसला. त्यांनी मोबाईलवर फोटो मोठा करून काढला, त्यात पण तेवढंच. सलीमनं बघितलं आणि दुर्बिणीची काच पुसली. "अम्मा, धूप में ऐसा होता है. हवा नाचती है."

मी परत डोळा लावला. लुगडं दिसलं. खड्डा दिसला. वर कोणी न्हाय.

रिक्षात दिलीपराव पुटपुटले, "आणली कशाला आणि झालं काय." कारण मी रिक्षात बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं — आता तर खोली सोडायचा विषयच न्हाय. पोरगा आलाय. दारासमोर उभा हाय. आणि मी निघून जाऊ?

संध्याकाळी खड्ड्याजवळ गेली. वर बघत उभी राहिली. जेसीबीवाला बोलला, "चाची, हटो, गिर जाओगी." रोज जायची. नुसतं आभाळ. रात्री दाराला कडी लावायची सोडली. पावसाळ्याच्या आधी चाळ पाडणार होते. अर्धी भिंत अशीच सुटली होती. रात्री विटा पडायच्या, मी पडून ऐकायची. भीती वाटली न्हाय. वाट बघायची सवय असली की भीती मागं राहते.

रंजू त्यानंतर बरेच दिवस आली न्हाय. फोन पण दिलीपरावच करायचे. मग एक दिवस दुपारी एकटीच आली. सुकट आणली होती. दोघी दारात बसून निवडायला लागलो. मधेच हात थांबवून ती बोलली,

"आये, तुमच्या कारखान्यात असं केलं की काय समजायचं?"

आणि तिनं छातीवर हात ठेवला. दोन बोटं डोळ्याला लावली. उलट्या हातानं दोनदा बाहेर ढकललं.

मी सूप खाली ठेवलं.

"कोणी शिकवलं तुला?"

"कोणी न्हाय."

"मग?"

"त्या दिवशी... तो करत होता. वर. सारखं तेच, तेच. थांबतच नव्हता."

"तू बोललीस काय न्हाय म्हणून!"

"मग काय बोलू? सांगितलं असतं तर तू ह्या भिंतीखाली मेली असतीस! एक गेला, आता दुसरीला पण ह्या गल्लीत सोडू?" मग हळू बोलली, "आये, तो इकडं तिकडं बघत नव्हता. सरळ दुर्बिणीत बघत होता. एवढ्या लांबनं. मला झोप लागत न्हाय."

मला वाटलं कुठंतरी बघितलं असंल हिनं. म्हणून मी तिला दुसरा हात करून दाखवला, मिशीला पीळ दिल्यासारखा. "हे काय?"

"पोलीस?"

"मास्तर आला." मग दोन बोटांची कातर करून दाखवली. "हे?"

"केस कापायचे?"

"धागा तुटला." तिला एक पण येत नव्हतं. कुठनं येणार? घरात आम्ही तोंडानं बोलायचो, हात कशाला करतो? तिला फक्त तो एकच येत होता. आणि तो पण बरोबर, कारखान्यातल्यासारखा, दोनदा ढकलून.

मी सुकट निवडत राहिली. सगळी निवडून झाल्यावर तिला अर्थ सांगितला — मी बघतो तुझं, तू जा. ती तोंडाला पदर लावून रडली. मी रडली न्हाय. तो जिवंत न्हाय हे मला त्या वेळी कळलं. कळलं म्हणजे... आधी पण ठाऊक असंल. पण त्यानं स्वतः सांगितलं, म्हणून मानलं.

दुसऱ्या दिवशी मी खोली सोडली. दिलीपराव टेम्पो घेऊन आले, तर नेण्यासारखं सामान टेम्पोच्या कोपऱ्यातच मावलं. ते कुलूप लावायला लागले, मी लावू दिलं न्हाय. आत माणूस बघायला हाय म्हटल्यावर बाहेरनं कुलूप कसं लावायचं? दार नुसतं लोटून घेतलं.

आता चाळ पण पडली. मी रंजूकडं असते. पुण्यानुमोदन केलं. सगळे जेवून गेले. पण माझं मन एका जागी अडकलंय. मला त्या दिवशी हात दिसला न्हाय आणि रंजूला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. हे असं दोघींत वाटून कसं झालं, मला सांगता येत न्हाय. दिलीपराव ऊन बोलतात. सलीम हवा बोलतो. रंजू काय बोलत न्हाय. ती परत वर यायला पण तयार न्हाय, आणि आता माझ्या चांगल्या डोळ्याला पण कमी दिसतं.

म्हणून वाचणाऱ्याला एक सांगणं हाय. तुम्ही कधी रविवारी दुपारचे त्या टावरवर गेलात, तर दुर्बीण निजामपुऱ्याच्या बाजूला फिरवा. पिंपळ दिसंल, त्याच्या डाव्या हाताला बांधकाम. त्याच्या वर बघा. फोटो काढू नका, हात करू नका. बघा आणि इथं खाली लिहा, प्राची मला वाचून दाखवंल.

लूमवरचा माणूस बारा तास उभा असतो. बसायला जागाच नसते. तुम्हाला तो दिसला, तर अजून उभा हाय का बसलाय, एवढंच मला सांगा.