गाळलेला ठिपका

मॅडमनी दिलेल्या चित्रातला काळा ठिपका मी शाईचा डाग समजून गाळला. उल्हासनगरात दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस मी. अंबरनाथच्या कॉलेजातल्या या मॅडमना प्रदर्शनासाठी सस्तन प्राण्याच्या अंडपेशीचा मोठा तक्ता हवा होता. प्रदर्शनाच्या दिवशी तो भिंतीवर लावून मी शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

मॅडम आवाज कधी चढवत नसत. वाक्य संपलं की "कळलं?" विचारायच्या आणि उत्तराला थांबायच्या नाहीत.

"पेंटर, केंद्रकातला काळा ठिपका, केंद्रकी, कुठंय? अंडपेशी वाढताना प्रथिनं बनवायची यंत्रं तिथंच तयार होतात. त्याच साठ्यावर गर्भ सुरुवातीला जगतो. कळलं?"

"तो डाग होता ना, मॅडम? मी साफ केला की!"

परीक्षक जिना चढत होते, माझे रंग घरी होते आणि स्पर्धेतला वर्गाचा नंबर जायची वेळ आली होती. मॅडमनी कपाळावरची काळी टिकली काढली, केंद्रकात चिकटवली आणि अंगठ्यानं घट्ट दाबली. परीक्षकांनी तक्ता वाखाणला. छाती फुगली ती माझी.

मोकळ्या कपाळाच्या मॅडम माझ्याकडे वळल्या. "पेंटर, कुणाचा चेहरा रंगवायला घ्याल, तेव्हा डाग म्हणून बुबुळं पुसू नका. कळलं?"